चौतीस इंच म्हणजे किती?

मॉनिटरच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सर, बत्तीसपेक्षा दोन इंच मोठाच आहे." समोर दोन पडदे मांडलेले असतात. एक नेहमीच्या घडणीचा ३२ इंची, आणि शेजारी लांबुडका, बसच्या पुढच्या काचेसारखा आडवा पसरलेला ३४ इंची. बाजारात याला अल्ट्रावाइड म्हणतात. किंमत जास्त, आकडा मोठा, म्हणजे पडदाही मोठा, असा सरळ हिशेब गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसतो.

एकदा मी घरातली शिवणाची टेप खिशात घालूनच दुकानात गेलो. विक्रेत्या मुलानं बघितलं, पण काही बोलला नाही. बत्तीस इंची पडदा रुंदीला सुमारे ७० सेंमी भरला आणि उंचीला ३९. चौतीस इंची रुंदीला ८० आणि उंचीला साडेतेहतीस. आता गुणाकार करा. पहिल्याचं क्षेत्रफळ २७३० चौरस सेंमी आणि दुसऱ्याचं २६८०. 'दोन इंच मोठा' पडदा मोजल्यावर थोडा लहानच निघाला.

यात कुणी फसवत नाही. पडद्याचा आकडा कर्णाचा असतो, एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि कर्ण एकच ठेवून आयत जितका लांबट कराल तितकं त्याचं पोट आत जातं. ३४ इंच लांबीची काठी घेतली तर तिचाही 'कर्ण' ३४ इंच; क्षेत्रफळ मात्र जवळजवळ शून्य. पायथागोरस आपण शाळेत शिकतो, मार्क मिळवतो आणि दुकानाच्या पायरीवर चपलांबरोबर सोडून आत जातो.

म्हणून अल्ट्रावाइड विकत घेताना कर्णाचा आकडा बाजूला ठेवावा आणि आधी उंची विचारावी. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची नेहमीच्या २७ इंची मॉनिटरएवढी असते. तो म्हणजे २७ इंची पडदाच, दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंमीचे पंख लावलेला. २९ इंचीची उंची तर २३ इंचीएवढी. घरात २४ इंची असेल आणि तुम्ही हौसेनं २९ इंची अल्ट्रावाइड आणलात, तर नव्या पडद्यावर पान जुन्यापेक्षा थोडं बुटकंच दिसेल. ३८ इंची ३७ सेंमी उंच असतो, ४० इंची जवळजवळ बत्तीस इंचीच्या उंचीला पोचतो. आणि ४९ इंची? दोन २७ इंची मॉनिटर मधली चौकट काढून जोडलेले. रुंदी १२० सेंमी, म्हणजे जवळपास चार फूट.

उंची कळली की उरतो एकच प्रश्न, आणि या प्रकरणात मी घोळवणार आहे तो तोच : त्या दोन पंखांत तुम्ही काय भरणार?

आधी नावाचा घोळ. अल्ट्रावाइडचं प्रमाण २१:९ असं छापतात. भागाकार केला तर २.३३ येतं. पण २५६० × १०८० पिक्सेलच्या पडद्याचं खरं प्रमाण २.३७, ३४४० × १४४०चं २.३९ आणि ३८४० × १६००चं २.४०. म्हणजे २१:९ हे बोलीतलं नाव. लोकांना १६:९ ठाऊक होतं, मग त्याच नवाच्या वर एकवीस ठेवले की 'हा जास्त रुंद' हे पटकन कळतं. सराफाच्या 'एक तोळ्या'इतकंही काटेकोर नाही, पण चालतं.

हे प्रमाण आलं सिनेमातून. मूकपटांपासून पडदा साधारण ४:३ होता. अमेरिकेत १९५०च्या सुमाराला घरोघर टीव्ही आला, तोही ४:३चाच, आणि थिएटरं ओस पडू लागली. घरी मिळणार नाही असं काहीतरी दाखवणं भाग होतं. फॉक्स कंपनीनं आंरी क्रेतियँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचं जुनं भिंग शोधून काढलं. (हबल दुर्बिणीच्या आरशांच्या रचनेला ज्या दोघांचं नाव आहे त्यांतले एक हेच क्रेतियँ.) हे भिंग रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवायचं आणि प्रोजेक्टरवरचं दुसरं भिंग ते पुन्हा उलगडायचं. १९५३ साली 'द रोब' या पद्धतीनं, म्हणजे सिनेमास्कोपमध्ये, झळकला. त्याच वर्षी आपल्याकडे अत्र्यांचा 'श्यामची आई' आला, अर्थात जुन्या, चौकोनी चौकटीत. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, गुरुदत्तचा 'कागज़ के फूल', यायला १९५९ उजाडलं. व्ही. के. मूर्तींनी त्यात स्टुडिओच्या छतातून उतरलेला उजेडाचा झोत टिपला आहे. रुंद चौकटीतली मोकळी जागा कशासाठी असते हे त्या एका दृश्यात कळतं. तिथं आजूबाजूचा अंधारसुद्धा काम करतो.

मग १६:९ कुठून आलं? ते कुठल्याच सिनेमाचं प्रमाण नव्हतं. १९८०च्या दशकात, एचडी टीव्हीचं मानक ठरत असताना, कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्यानं त्या काळच्या सगळ्या प्रचलित चौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या घेतल्या आणि मध्य जुळवून एकावर एक ठेवल्या. सगळ्यांना सामावणारी बाहेरची चौकट आणि सगळ्यांत समाईक असलेली आतली चौकट, दोन्हींचं प्रमाण निघालं सुमारे १.७७. म्हणजे १६:९. एका टोकाला ४:३, दुसऱ्या टोकाला सिनेमास्कोप, आणि यांतला कुणीच फार नाराज होणार नाही असा मधला तोडगा. आज जगातला जवळजवळ प्रत्येक टीव्ही या तडजोडीच्या मापाचा आहे.

या तडजोडीला कंटाळून फिलिप्सनं २००९मध्ये थेट सिनेमाच्या मापाचा, ५६ इंची २१:९ टीव्ही काढला. तीन-चार वर्षांत तो प्रकार बाजारातून गेलाही. २०१२मध्ये एलजीनं तेच प्रमाण २९ इंची मॉनिटरमध्ये आणलं, २०१४मध्ये ३४४० × १४४०चा ३४ इंची आला, २०१७मध्ये सॅमसंगचा ४९ इंची. आणि मॉनिटरमध्ये हे प्रमाण रुजलं. एकच आकार, दिवाणखान्यात आपटला आणि टेबलावर टिकला. मला यात सगळं उत्तर दिसतं. टीव्हीवर पंखांत काय भरायचं ते वाहिनी ठरवते आणि वाहिनी १६:९ पाठवते, त्यामुळे पंख बहुतेक वेळ काळेच. टेबलावर ते तुम्ही ठरवता.

म्हणूनच 'पिक्चर बघायला मस्त' या कारणासाठी कुणी अल्ट्रावाइड घेत असेल तर मी जरा थांबवतो. पिक्चर मस्त दिसतो हे खरंच. सिनेमास्कोप चित्रपट ३४ इंचीवर काठोकाठ बसतो, खोलीतला दिवा मालवला की वर-खाली काळी पट्टी नाही याचं सुख वेगळं. पण आपण दिवसभरात पाहतो काय? यूट्यूब, क्रिकेट, बातम्या, मालिका. सगळं १६:९. त्या वेळी ८० सेंमीपैकी दोन्ही बाजूंचे दहा-दहा सेंमी काळे राहतात आणि तुमच्यासमोर उरतो साधा २७ इंची मॉनिटर. जुने चित्रपट ४:३च्या आसपासचे. 'श्यामची आई' लावलात तर जेमतेम ४६ सेंमी रुंदीत आई आणि श्याम, बाकी सगळा काळोख.

आणि सगळ्यात चिडचिड करणारा प्रकार वेगळाच. पुष्कळ चित्रपट, ट्रेलर, गाणी ही १६:९च्या फाइलमध्ये वर-खाली काळ्या पट्ट्या चिकटवूनच चढवलेली असतात. टीव्हीवर हे खपून जातं. अल्ट्रावाइडवर मात्र वरच्या-खालच्या पट्ट्या फाइलच्या, बाजूच्या पट्ट्या पडद्याच्या, आणि मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा सिनेमा. ज्या पडद्यावर तो काठोकाठ बसला असता त्याच पडद्यावर! ब्राउझरमध्ये चित्र ताणून बसवणारी छोटी एक्स्टेन्शन्स मिळतात, त्यांनी भागतं. पण संध्याकाळी भाकरी खाताना कुणाला ती खटपट हवी असते? सिनेमा हीच हौस असेल तर त्याच पैशांत मोठा टीव्ही घ्यावा आणि खुर्ची मागे सरकवावी.

अल्ट्रावाइडची खरी कमाई कामात आहे, आणि तिथं मी सैल हातानं लिहिणार आहे.

ए-फोर कागद २१ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी उंच. ३४ इंची पडद्याच्या ८० सेंमीत असे तीन कागद खऱ्या मापाचे शेजारी शेजारी मावतात आणि वर १७ सेंमी उरतात. उंचीतही ते बसतात, मात्र खालची टास्कबार आणि वरचं टूलबार धरलं की अगदी घासून. अनुवाद करणाऱ्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. डावीकडे मूळ, मध्ये आपली मराठी, उजवीकडे मोल्सवर्थचा कोश उघडा. खिडक्या एकीखाली एक दडपून सारख्या वर-खाली करायच्या नाहीत. मी स्वतः असं काम करतो, आणि वाचलेला वेळ मला मोजता आलेला नाही, पण 'मघाशी काय वाचलं होतं बरं' म्हणून मागे जाणं कमी झालं एवढं नक्की सांगतो. हिशेबनिसाला एप्रिल ते मार्च बारा महिने आणि शेवटचा बेरजेचा रकाना एका नजरेत दिसतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्याची टाइमलाइन मुळातच आडवी वाढणारी गोष्ट. तिला ही जमीन मानवते.

ज्यांचं काम उभं वाढतं त्यांना मात्र पंखांचा उपयोग बेताचाच. लांब करारनामे वाचणारा वकील, कादंबरीची मुद्रितं तपासणारा, एका वेळी एकाच फाइलमध्ये डोकं घालून बसणारा प्रोग्रॅमर. यांना ३२ इंची फोर-के बरा. ३९ सेंमी उंचीत पाच-सहा सेंमीचा मजकूर जास्त दिसतो, आणि अक्षरही जास्त रेखीव.

अक्षराचा मुद्दा मराठी वाचकानं जरा जास्तच मनावर घ्यावा. एका इंचात किती पिक्सेल बसतात यावर रेखीवपणा ठरतो. ३४ इंची ३४४० × १४४०मध्ये इंचाला ११० पिक्सेल, चांगलं. पण ३४ इंचातच २५६० × १०८०चे स्वस्त पडदेही मिळतात आणि तिथं हा आकडा ८२वर येतो. इंग्रजी अक्षरं एवढ्यात निभावून जातात. देवनागरीला एकाच ओळीत तीन मजले बांधायचे असतात : वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षराचे पाय. 'वर्षांपूर्वी'सारखा शब्द बारा पॉइंटमध्ये ८२ पिक्सेलवर बघा, रफार आणि अनुस्वार एकमेकांच्या अंगावर चढलेले दिसतील. मी असा एक पडदा स्वस्त पडतो म्हणून आणला होता. पहिल्याच आठवड्यात 'कर्म' आणि 'कर्मं' यांत फरक करायला नाक काचेला लावावं लागलं. तोच २५६० × १०८० पडदा २९ इंचात घेतला तर ९६ पिक्सेल मिळतात आणि काम चालतं. पैसे असतील तर ४० इंची ५१२० × २१६० आहे : इंचाला १३९, उंची बत्तीस इंचीची, रुंदी ९४ सेंमी. माझ्या मते लिहिण्या-वाचण्यासाठी आजवर निघालेला सगळ्यात शहाणा अल्ट्रावाइड तो. त्याची किंमत ऐकून मी परत आलो, ही गोष्ट वेगळी.

दोन साधे मॉनिटर की एक लांब? दोघांत मधोमध चौकटीची भिंत येते. बहुतेक जण मग एक पडदा समोर ठेवतात, दुसरा तिरका, आणि मान एका बाजूला वळून वळून दुखते. अल्ट्रावाइडला मध्य असतो. पण दोन मॉनिटरवाल्याचेही मुद्दे आहेत. एक उभा करून ठेवता येतो. एक बिघडला तर दुसऱ्यावर दिवस काढता येतो. मीटिंगमध्ये एक पडदा सगळ्यांना दाखवून दुसऱ्यावर आपलं खासगी काही उघडं ठेवता येतं. अल्ट्रावाइडवाल्यानं अख्खा पडदा शेअर केला की पलीकडे १३६६ पिक्सेलच्या लॅपटॉपवर बसलेल्या सहकाऱ्याला तुमचा तक्ता चाळीस टक्क्यांवर आकसून, पट्टीसारखा दिसतो. "सर, जरा झूम करता का?" हे वाक्य तीनदा ऐकलं की माणूस आपोआप एकच खिडकी शेअर करायला शिकतो.

खिडक्या लावायची शिस्तही शिकावी लागते. विंडोज ११मध्ये तीन रकान्यांची मांडणी तयारच मिळते, त्याहून बारीक हवी तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमधलं फॅन्सीझोन्स फुकट आहे. मॅकवर खिडक्या कडेला ओढून बसवायची सोय २०२४च्या सेक्वोया आवृत्तीत आली. हे न करता ८० सेंमी पडद्यावर एकच ब्राउझर ताणून बसणारे लोक मी पाहिले आहेत. वाचताना त्यांची मान टेनिसच्या प्रेक्षकासारखी हलते.

आता खेळ. यातला माझा गुरू म्हणजे माझा भाचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला अल्ट्रावाइड हवा होता आणि घरी पैसे मागताना मामानं शिफारस करावी अशी योजना होती. मी विचारलं, खेळतोस काय? "व्हॅलोरंट, मामा." तिथंच घोडं अडलं. व्हॅलोरंट १६:९च्या बाहेर काही दाखवत नाही, बाजूला काळ्या पट्ट्या येतात. कारण सरळ आहे : ज्याचा पडदा रुंद त्याला कोपऱ्यात लपलेला शत्रू आधी दिसला तर स्पर्धा कसली? स्टारक्राफ्ट २चंही तेच. एल्डन रिंगमध्ये स्पर्धेचा तितका प्रश्न नाही, तरी तोही पीसीवर १६:९लाच बांधलेला. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स तर २१:९ चित्र पाठवतच नाहीत. ज्याचा सगळा खेळ कन्सोलवर चालतो त्यानं हे पान उलटून पुढे जावं.

ज्या खेळांत रुंदी चालते तिथं मात्र ती खरोखर काही देते. चांगला खेळ उंची तीच ठेवून बाजूचं जग उघडतो. १६:९वर ९० अंशांचं दृश्य दिसत असेल तर ३४४० × १४४०वर सुमारे १०७ अंश दिसतं. मोटारींच्या शर्यतीत शेजारची गाडी आणि आरसा दिसू लागतो, विमानाच्या सिम्युलेटरमध्ये कॉकपिटची बाजूची खिडकी. एकट्यानं रमत-गमत खेळायच्या, डोंगरदऱ्यांच्या मोठ्या खेळांना याची खुमारी काही औरच. मात्र कडेची चित्रं जराशी ताणलेली दिसतात. सपाट पडद्यावर रुंद दृश्य उतरवायच्या भूमितीचाच तो परिणाम, पडद्याचा दोष नव्हे. शिवाय नकाशा आणि शिल्लक गोळ्यांचा आकडा जर अगदी टोकाच्या कोपऱ्यांत गेले तर दर दोन सेकंदांनी नजर तिकडे न्यावी लागते. काही खेळ ते मध्ये ओढू देतात, काही देत नाहीत. ४९ इंचीवर हा त्रास दुप्पट.

ग्राफिक्स कार्डावरचा भार पिक्सेल मोजून काढता येतो. २५६० × १४४० म्हणजे ३७ लाख पिक्सेल, ३४४० × १४४० म्हणजे साडेएकोणपन्नास लाख. एक तृतीयांश जास्त. फोर-के ८३ लाख. तेव्हा फोर-के झेपणाऱ्या कार्डाला ३४ इंची अल्ट्रावाइड सोपा जातो. ४९ इंचीचे ७४ लाख मात्र फोर-केच्या दारातच उभे आहेत.

वक्रतेचं काय? खोक्यावर १८००आर, १०००आर, ८००आर असं लिहिलेलं असतं. अंगणात खुंटीला १८०० मिलिमीटरची दोरी बांधून रांगोळीचं वर्तुळ काढलंत तर त्या वर्तुळाचा जो तुकडा, ती १८००आर पडद्याची वाक. आकडा लहान तितकी वाक जास्त. ३४ इंची पडद्याच्या कडा १८००आरमध्ये मधल्या भागापेक्षा साडेचार सेंमी पुढे येतात, १०००आरमध्ये जवळजवळ आठ. याचा उपयोग असा : सपाट ३४ इंचीपासून ७० सेंमीवर बसलात तर मध्य ७० सेंमीवर आणि कडा ८०वर. वाक दिली की हा फरक कमी होतो, कडेचा मजकूर तिरका दिसत नाही. २९ इंचीला वाक नसली तरी बिघडत नाही, ३४ला हलकी असावी, ४९ला पाहिजेच. पण दिवसभर सरळ रेषा काढणाऱ्या आर्किटेक्टनं घेण्याआधी त्यावर एक तास काम करून पाहावं. आणि वाक एकट्या माणसासाठी असते. पलंगावर तिघं बसून बघणार असाल तर कडेच्या दोघांना ती नडते.

पॅनेलच्या जातींचं पुराण सांगत बसत नाही. आयपीएसमध्ये रंग विश्वासाचे, पण काळा रंग राखाडीकडे झुकतो. पांढरा काळ्याच्या साधारण हजारपट उजळ. व्हीएमध्ये तीच पट तीन हजारांच्या घरात, रात्रीचा सिनेमा त्यावर खुलतो, पण वेगवान खेळात गडद आकृत्यांमागे शेपूट ओढल्यासारखी दिसते. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे काळा. २०२२मध्ये एलियनवेअरनं ३४ इंचीत क्यूडी-ओएलईडी आणला आणि खेळणाऱ्यांमध्ये त्याची हवा झाली.

मात्र याही जातीची एक खोड मराठी माणसाला आधी दिसेल. क्यूडी-ओएलईडी पॅनेलमध्ये हिरवा ठिपका वर आणि लाल-निळे खाली असे त्रिकोणात बसवलेले असतात. त्यामुळे आडव्या रेघेच्या एका काठाला हिरवट आणि दुसऱ्या काठाला जांभळट झाक येते. इंग्रजी मजकुरात आडव्या रेघा तुकड्यातुकड्यांनी येतात. आपल्याकडे शिरोरेखा ओळभर पळते! काळ्या अक्षरांच्या डोक्यावर बारीक रंगीत काठ, पैठणीला असावा तसा. पुढच्या पिढ्यांत हे कमी होत गेलं आहे, आणि सगळ्यांनाच ते खुपतं असंही नाही. पण दिवसाचे आठ तास मराठी मजकूर डोळ्यांसमोर असणार असेल तर स्वतःची एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि उघडून बघा. दुसरी भीती डाग उमटण्याची. तीच टास्कबार, तीच एक्सेलची हिरवी पट्टी रोज तिथंच राहिली तर काही वर्षांनंतर तिची सावली कायमची उरू शकते. वॉरंटीत हा डाग धरला आहे का, ते लेखी वाचावं. आणि समोर पश्चिमेची खिडकी असेल तर क्यूडी-ओएलईडीचा तो प्रसिद्ध काळा रंग दुपारी चारला राखाडी होतो, कारण या पडद्यावर बाहेरचा उजेड गिळणारा पोलरायझरचा थर नसतो.

वायर हा विषय एका परिच्छेदाचा, पण लोक त्यातच फसतात. मीही फसलो. नवा पडदा जुन्या लॅपटॉपला जोडला तर माउसचा बाण अडखळत चालू लागला. दुकानाला फोन करून दोन शब्द सुनावलेही. चूक माझीच होती. लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ होतं, आणि त्यातून ३४४० × १४४० चित्र सेकंदाला जेमतेम ५० वेळा जात होतं. एचडीएमआय २.० असेल तर साधारण १००पर्यंत जातं, त्याच्या वर जायचं तर डिस्प्लेपोर्ट शोधावं. कामासाठी लॅपटॉप जोडणार असाल तर यूएसबी-सी असलेला पडदा घ्या, एकाच वायरीनं चित्रही जातं आणि लॅपटॉप चार्जही होतो. फक्त किती वॅट देतो ते बघा. ६५ वॅट साध्या लॅपटॉपला पुरतात, दांडग्याला ९० लागतात.

शेवटी भाच्याच्या टेबलाचं सांगायचं राहिलं. त्यानं व्हॅलोरंटचा मुद्दा मान्य करूनही हट्ट सोडला नव्हता : अभ्यासाला होईल, कोडिंगला होईल, मित्राच्या मित्राकडे आहे. मी म्हटलं, आधी कागद लाव. शाळेच्या पुस्तकांना घालतात तो खाकी कागद आणला, ८० सेंमी बाय साडेतेहतीस असा कापला आणि ताईच्या घरच्या कॉम्प्युटर टेबलावर धरला. हे टेबल जुन्या पद्धतीचं. खाली ओढायचा की-बोर्डचा ट्रे, एका बाजूला सीपीयूचा कप्पा, आणि वर पुस्तकांची फळी पेलायला दोन्हीकडे उभ्या फळ्या. आतलं अंतर ७५ सेंमी. कागद दोन्ही टोकांना वळून वर आला.

भाचा म्हणाला, एक फळी कापून टाकू. ताई म्हणाली, "हात लावशील तर बघ, बाबांनी समोर उभं राहून करून घेतलंय ते." मग २९ इंचीचा विचार झाला. ६८ सेंमी, आत बसला असता. पण त्याच्याकडे आधीच २४ इंची होता, आणि उंची त्याहून कमी होतेय हे टेपनं दाखवल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. शेवटी २७ इंची घेतला, २५६० × १४४०, रुंदी ६० सेंमी, दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात सेंमी मोकळे. एका बाजूला आता कॅल्क्युलेटर उभा असतो, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली. खाकी कागदाची जूनमध्ये धाकटीच्या वह्यांना कव्हरं झाली.